वासरू आपोआप निघालं नाही



पुरीमच्या आसपासच्या शब्बाथला ‘की तिस्सा’ ही पाराशा वाचली जाते. सोन्याच्या वासराची गोष्ट तिच्यातच आहे. आपण ती लहानपणापासून ऐकत आलो. तिकडे घरातली वडीलधारी माणसं सांगायची, इथे नातवंडं गानमधून शिकून येतात. पण सिनेगॉगमध्ये किद्दुशनंतर आम्ही चारजण बोलत बसलो की दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. वासरू तर अहरोनाने घडवलं. मग शिक्षा लोकांना झाली आणि अहरोन मात्र कोहेन गादोल झाला, हे कसं? या प्रश्नाच्या निमित्ताने मी जे वाचलं आणि मला जे समजलं, ते इथे मांडतो. विषय जुना आहे, पण प्रत्येक घरातला आहे. चारचौघांच्या दबावाखाली वाईट काम झालं, तर दोष कोणाचा?

अहरोनाने काय केलं आणि काय सांगितलं

मोशे रब्बेनू सिनाय पर्वतावर गेले. चाळीस दिवस होत आले तरी खाली आले नाहीत. लोक घाबरले, अहरोनाभोवती जमले आणि म्हणाले की आमच्यापुढे चालेल असा देव आम्हाला करून दे. अहरोनाने त्यांना बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडलं आणायला सांगितलं. सोनं आलं. त्याने ते घेतलं, हत्याराने त्याला आकार दिला आणि ओतीव वासरू तयार केलं. मग त्याच्यापुढे वेदी बांधली आणि उद्या सण आहे असं जाहीरही केलं. तोरात हे सगळं असं एकामागून एक लिहिलेलं आहे.

मोशे खाली आले, पाट्या फोडल्या, वासरू जाळून त्याचा चुरा केला. मग भावाला विचारलं की या लोकांनी तुझं काय केलं होतं, म्हणून तू त्यांच्यावर एवढं मोठं पाप आणलंस? अहरोनाचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. तो आधी म्हणतो की हे लोक कसे वाईट वळणाचे आहेत ते तुला ठाऊकच आहे. मग म्हणतो की देव करून दे असं त्यांनीच मला सांगितलं. शेवटी म्हणतो की त्यांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर निघालं.

हत्यार कुठे गेलं? आकार दिला तो कोणी? वेदी कोणी बांधली? उत्तरात यातलं काहीच नाही. लोकांनी काय केलं ते सविस्तर सांगितलं आहे, आणि स्वतःचा भाग आला तिथे वासरू जणू आपल्या पायांनी आगीतून चालत आलं. अहरोन खोटं बोलला असं मी म्हणत नाही. सोनं आगीत टाकलं हे खरंच होतं. पण मधलं जे गाळलं, तेच त्याचं स्वतःचं होतं.

दबाव खोटा नव्हता

अहरोनाला दोष देणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोशे वर जाताना लोकांना अहरोन आणि हूर या दोघांच्या हवाली करून गेले होते. हा हूर म्हणजे अमालेकाशी लढाई झाली तेव्हा ज्याने अहरोनाबरोबर मोशेचे हात धरून ठेवले, तोच. त्यानंतर हूरचं काय झालं ते तोरा सांगत नाही. आपले हाखामीम तल्मूदात सांगतात की हूरने लोकांना विरोध केला आणि जमावाने त्याला ठार मारलं. अहरोनाच्या डोळ्यांसमोर त्याचं प्रेत पडलं होतं. आता आपली पाळी, आणि दोन-दोन खून लोकांच्या माथी बसले तर त्यांना क्षमा तरी कशी मिळणार, असा विचार त्याने केला.

म्हणजे भीती खरी होती. तरीसुद्धा तोरा त्याला मोकळं सोडत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी ते वासरू लोकांनी केलं असं म्हणता म्हणता ‘अहरोनाने केलेलं’ असंही म्हटलं आहे. पुढे देवारीममध्ये मोशे सांगतात की परमेश्वर अहरोनावर इतका कोपला होता की त्याचा नाश करणार होता, तेव्हा मी त्याच्यासाठीही प्रार्थना केली. लोकांचा दोष लोकांच्या नावावर आहे आणि अहरोनाचा अहरोनाच्या. एकाचा वाढला म्हणून दुसऱ्याचा कमी झाला नाही.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, कारण आणि सबब. जमाव अंगावर आला होता, हे कारण. कारण ऐकलं की माणूस समजतो, त्याची कीव येते, शिक्षाही कमी करावीशी वाटते. पण ‘म्हणून मी काही केलंच नाही’ असं म्हटलं की त्याची सबब होते. अहरोनाकडे कारण चांगलं होतं. त्याने त्याची सबब केली.

आणि त्याच छावणीत, त्याच दिवशी, सगळेच वाहून गेले नाहीत. लेवीचा वंश मोशेच्या बाजूने उभा राहिला. मिद्राशात असंही सांगितलं आहे की बायकांनी या कामासाठी आपले दागिने द्यायला साफ नकार दिला, तेव्हा पुरुषांनी स्वतःच्या कानांतलं सोनं काढून दिलं. त्याचं बक्षीस म्हणून रोश होदेश हा बायकांचा सुटीचा दिवस झाला. नाही म्हणणं कठीण होतं, पण अशक्य नव्हतं.

‘झालं’ आणि ‘केलं’

बोट दुसऱ्याकडे दाखवण्याची ही सवय एदेन बागेपासूनची आहे. आदामाला विचारलं तेव्हा त्याने हव्वेकडे बोट दाखवलं. तेवढ्यावर न थांबता तिला मला दिलीस ती तूच, असं परमेश्वरालाही ऐकवलं. हव्वेने सापाकडे बोट दाखवलं. मागे बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं ते फक्त सापाच्या.

आपली भाषाही या कामात मदत करते. पोराच्या हातून कपबशी पडली तर ते ‘फोडली’ म्हणत नाही, ‘फुटली’ म्हणतं. मोठी माणसं ‘चूक झाली’ म्हणतात, ‘मी चूक केली’ म्हणताना जीभ अडखळते. इस्राएलात आलो तर इथेही तेच. कोणाला विचारा की हे असं का केलंस, तर खांदे उडवून म्हणतो, ‘काखा यात्सा’, म्हणजे असंच निघालं. अहरोनाच्या उत्तरातही ‘वय्येत्से’ हे क्रियापद आहे, त्याच धातूचं. हिब्रूतला ‘काखा’ आणि मराठीतलं ‘काखा वर करणं’ यांचं काही नातं नाही, पण अर्थाने दोन्ही चांगलेच जवळ आले आहेत!

शाऊल राजा आणि दाविद राजा

अहरोनाचीच गोष्ट शाऊल राजाच्या बाबतीत पुन्हा घडते. अमालेकाशी युद्ध करून त्यांचं काहीही राखून ठेवू नकोस, अशी शाऊलाला आज्ञा होती. त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं आणि उत्तम मेंढरं-गुरं ठेवून घेतली. शमुएल नाबी भेटायला आले तेव्हा शाऊल म्हणाला की मी आज्ञा पाळली. शमुएलने विचारलं, मग मेंढरांचं ओरडणं कानावर येतंय ते कसलं? तेव्हा शाऊल म्हणाला की ती लोकांनी आणली, परमेश्वराला अर्पण करण्यासाठी. बाकी सगळं आम्ही नष्ट केलं. पाहा, मेंढरं आणणारे ‘ते’ आणि आज्ञा पाळणारे ‘आम्ही’. पुन्हा दटावल्यावर मात्र त्याने कबूल केलं की मी पाप केलं, लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. पण तोवर राज्य हातचं गेलं होतं. शमुएलने त्याला आधीच बजावलं होतं की तू स्वतःच्या नजरेत लहान असलास तरी तू इस्राएलच्या वंशांचा प्रमुख आहेस. प्रमुखाने ‘लोकांनी करायला लावलं’ म्हणायचं, तर मग प्रमुख कशाला?

दाविद राजाचा अपराध आपल्या नजरेत शाऊलापेक्षा मोठा आहे. उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मरू दिलं. नाथान नाबीने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून दाविदाला त्याचा अपराध दाखवला. दाविदाला म्हणता आलं असतं की तलवार अम्मोन्यांची होती, आणि त्याला पुढे ठेवला तो योआवने. तो तसं म्हणाला नाही. मी परमेश्वराचा अपराधी आहे, एवढंच तो बोलला, हिब्रूत अवघ्या दोन शब्दांत. शिक्षा त्यालाही झाली आणि जबरदस्त झाली. पण राज्य त्याच्या घराण्यात राहिलं.

येहुदा बदलला कसा

दबावाखाली टोळीने केलेल्या पापाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे योसेफाच्या भावांची. दहा भाऊ होते. मारू या म्हणाले. रऊवेनला ते नको होतं, पण तो उघड विरोधाला उभा राहिला नाही. खड्ड्यात टाका म्हणाला आणि नंतर गुपचूप काढू असं मनात ठरवलं. येहुदाने विकण्याची तोड काढली. मग अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवला आणि हा तुमच्या मुलाचा आहे का ते ओळखा, असं विचारलं. खोटं कोणी बोललंच नाही! रक्ताने बोलायचं ते बोलून दिलं. याकोव आपल्याच तोंडाने म्हणाला की जनावराने त्याला खाल्लं. दहा जणांत वाटलं गेलेलं पाप कोणाच्याच अंगाला लागलं नाही, असं त्यांना वाटलं असेल.

पुढे मिसर देशात संकट आलं तेव्हा भाऊ म्हणाले की आपण भावाचे अपराधी आहोत. रऊवेन लगेच म्हणाला की मी तुम्हाला तेव्हाच सांगत नव्हतो का? ही आणखी एक ओळखीची तऱ्हा. आपण गप्प होतो हे विसरायचं आणि आपल्याला पटत नव्हतं एवढंच लक्षात ठेवायचं.

येहुदाचं मात्र वेगळं झालं. तामारने त्याची मोहोर, दोरी आणि काठी त्याच्यापुढे ठेवली आणि ही कोणाची ते ओळखा म्हणाली. बापाला अंगरखा दाखवताना वापरलेलाच तो शब्द. तिला जाळण्याचा हुकूम त्यानेच दिला होता. गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं. चारचौघांत त्याने कबूल केलं की ती माझ्यापेक्षा खरी आहे. आणि शेवटी बिन्यामिनला गुलाम म्हणून ठेवून घेण्याची वेळ आली तेव्हा तोच पुढे झाला आणि म्हणाला की मी याचा जामीन आहे, त्याच्याऐवजी मला ठेवा. एकदा भावाला विकणारा माणूस तशीच वेळ पुन्हा आल्यावर दुसऱ्या भावासाठी स्वतःला द्यायला निघाला. तेव्हा कुठे योसेफ रडला आणि त्याने आपली ओळख दिली.

आपल्याला यहुदी म्हणतात ते या येहुदाच्या नावावरून. त्या नावाचा धातू आभार मानण्याचा आणि कबूल करण्याचाही आहे. इथे दिवसातून वीस वेळा आपण ‘तोदा’ म्हणतो, तोही त्याच धातूचा.

हुकूम आला म्हणून

ही झाली तनाखची उदाहरणं. पण आपल्या याच देशात, आपल्यापैकी काहीजण आलियाह करून आले त्याच काळात, कोर्टापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

29 ऑक्टोबर 1956 या दिवशी, सिनायचं युद्ध सुरू झालं तेव्हा, सीमेजवळच्या अरब गावांवर संध्याकाळी पाच वाजल्यापासून संचारबंदी लावली गेली. जो बाहेर दिसेल त्याच्यावर गोळी झाडा असा हुकूम होता. काफर कासेम गावातल्या मुखत्याराला ही बातमी जेमतेम अर्धा तास आधी मिळाली. शेतात आणि बाहेरगावी कामाला गेलेल्यांना ती कळलीच नव्हती. ते घरी परतत असताना सीमा पोलिसांनी त्यांना रांगेने उभं करून मारलं. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. जवळजवळ 50 माणसं गेली.

आरोपी म्हणाले की आम्ही हुकूम पाळला. 1958 मध्ये न्यायाधीश बिन्यामिन हालेवी यांनी निकाल दिला की काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात की त्यांच्यावर जणू काळा झेंडा फडकत असतो. ज्याला डोळे आणि काळीज आहे त्याला तो दिसतो, आणि असा हुकूम पाळणं हाच गुन्हा. हेच हालेवी पुढे 1961 मध्ये आइखमनच्या खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी एक होते. तिथेही आरोपीचं म्हणणं हेच होतं की मी फक्त वरचे हुकूम पाळले.

काफर कासेमबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्याच संध्याकाळी तोच हुकूम शेजारच्या गावांतही होता. तिथल्या काही अधिकाऱ्यांनी गोळी झाडली नाही, परतणाऱ्या लोकांना घरी जाऊ दिलं. हुकूम एकच होता, माणसं वेगळी होती. दुसरी गोष्ट लाजेची आहे. दोषी ठरलेल्यांच्या शिक्षा कमी होत होत 1960 पर्यंत सगळे सुटले, आणि वरच्या अधिकाऱ्याला शेवटी झाला तो 10 प्रुतोत दंड. खालचा वर बोट दाखवतो, वरचा खाली दाखवतो, आणि मधल्या मध्ये मेलेला माणूस विसरला जातो.

हाखामीम यांनी हे फार आधी ओळखलं होतं. पापाच्या कामात निरोप्या नाही, असा त्यांचा नियम आहे. दुसऱ्याने पाठवलं म्हणून मी केलं, असं कोणी म्हणू शकत नाही. कारण मालकाची आज्ञा आणि चाकराची आज्ञा एकमेकींविरुद्ध असतील तर ऐकायचं मालकाचं, आणि मालक म्हणजे परमेश्वर. शेमोथमध्येही मिझवा आहे की वाईट करण्यासाठी बहुमताच्या मागे जाऊ नये.

आपल्या घरातलं उदाहरण

दुसऱ्यांची उदाहरणं दिली, आता आपलं एक देतो. हाईम शमुएल केहिमकरांनी लिहिलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल या भेदाची नोंद आहे. नाव रंगाचं, पण गोष्ट कुळाची. ज्यांच्या घराण्यातली एखादी बाई बाहेरच्या समाजातली मानली जाई, त्यांना काळे म्हणत. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत आणि त्यांना बरोबरीचा मानही नसे. हा भेद पिढ्यान्‌पिढ्या चालला. कोणी चालवला? नाव सांगता येणार नाही. प्रत्येक घराने म्हटलं की रीत आहे, आम्ही एकट्याने मोडली तर आमच्या मुलींची लग्नं कशी होतील?

मग आपण इथे आलो. 1962 मध्ये रब्बीनूतकडून सूचना निघाली की बेने इस्राएलांचं इतरांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईच्या, आजीच्या वंशाची चौकशी करावी. समाज पेटून उठला आणि ते योग्यच होतं. 1964 च्या उन्हाळ्यात यरुशलायीममध्ये आपले लोक बायकामुलांसकट धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेतने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. या लढ्याचा मला अभिमान आहे. पण आमच्या पणजीची चौकशी का, हा जो प्रश्न आपण यरुशलायीमला विचारला, तोच प्रश्न कोकणात आणि मुंबईत काळे म्हटल्या गेलेल्या माणसांच्या मनात शेकडो वर्षं होता. त्यांच्यासाठी धरणं धरायला कोणी बसलं नाही. हे आपण आता नातवंडांना सांगितलं पाहिजे, आणि सांगताना ‘रीत होती’ एवढ्यावर थांबू नये.

कबुली कशी द्यायची

रामबाम यांनी तेशुवाचे नियम लिहिले आहेत. तोंडाने कबूल करायचं, काय केलं ते सांगून. पश्चात्ताप करायचा. पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. आणि पुरी तेशुवा केव्हा? तीच वेळ, तोच मोह पुन्हा समोर आला आणि आपण तसं वागलो नाही, तेव्हा. येहुदाने हेच केलं. शिवाय मिश्ना सांगते की माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरनेही सुटत नाही, आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते.

कोणी म्हणेल की किप्पूरच्या विद्दुईत तर आपण ‘आम्ही’ म्हणतो, ‘मी’ नाही. बरोबर आहे. कोणाला एकट्याला लाज वाटू नये, आणि सगळे इस्राएल एकमेकांचे जामीन आहेत, म्हणून ‘आम्ही’. पण प्रत्येक शब्दाला मूठ मारतो ती स्वतःच्या छातीवर. शेजाऱ्याच्या छातीवर मारायची पद्धत नाही. आपले पूर्वज या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घेत आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. मला त्या नावात एक अर्थ दिसतो. दार लागलं की बोट दाखवायला बाहेरचं कोणी उरत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. अहरोन कोहेन गादोल कसा झाला? वायिक्रात लिहिलं आहे की सेवेच्या पहिल्याच दिवशी त्याला स्वतःच्या पापासाठी एक वासरू अर्पण करायला सांगितलं गेलं. हाखामीम म्हणतात की हे त्या सोन्याच्या वासरासाठीच होतं. आणि किप्पूरच्या सेवेचा क्रम असा ठरला की आधी गोऱ्हा, स्वतःसाठी आणि स्वतःच्या घरच्यांसाठी. लोकांसाठी प्रायश्चित्त त्यानंतर. ज्याने एकदा ‘हे लोक वाईट आहेत’ अशी सुरुवात केली होती, त्याला दरवर्षी सगळ्या इस्राएलच्या वतीने उभं राहून ‘मी आणि माझं घर’ अशी सुरुवात करावी लागली. त्याला पद मिळालं, पण त्या पदाचं पहिलं काम हे होतं.